कॅमेरा कोणाच्या हातात होता

१

माझं काम तसं कंटाळवाणं. लोकांच्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या कॅसेटा माझ्याकडे येतात आणि फाईली होऊन परत जातात. जुना कॅमकॉर्डर, त्यात कॅसेट, कॅमकॉर्डरची वायर एका काळ्या डबीत, डबीची वायर कॉम्प्युटरला. एका तासाच्या कॅसेटला एक तास लागतो, त्यात काटछाट नाही. मग तयार झालेली फाईल एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला चालेल अशा फॉरमॅटमध्ये बदलायची. या सॉफ्टवेअरचं वागणं रुसून बसलेल्या पाहुण्यासारखं असतं. चित्र पटलं तर आवाज पटत नाही, आवाज पटला तर म्हणतं, ही फाईल मला ओळखीची नाही.

हे सगळं मी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत करते. पूर्वी ती अडगळीची होती. दोन्हींच्या मध्ये दार आहे, पण ते कधी बंद नसतं, कारण उंबऱ्यापाशी सासूबाईंची खुर्ची असते. त्या भाजी निवडत बसतात आणि माझ्या पडद्यावर परक्यांचे संसार बघतात.

"आज कोणाच्या घरी आहोत गं आपण?" असं त्या रोज विचारतात.

त्या दिवशी मी म्हटलं, "दाताच्या डॉक्टरांच्या."

२

डॉक्टर आदल्या दिवशी येऊन गेले होते. माझी दाढ त्यांनीच काढली होती. ज्या माणसाने आपल्या तोंडात दोन्ही हात घातलेत त्याला नाही म्हणणं जड जातं. त्यामुळे हातात पाच कामं असतानाही मी त्यांची पिशवी घेतली.

"आईला पुढच्या आठवड्यात पंचाहत्तर पूर्ण होतायत," ते म्हणाले. "ताई घरीच एक फिल्म जोडणार आहे. पण तिचं सॉफ्टवेअर यातलं काही घेतच नाही. तुम्ही फाईली करून द्या, बाकी तिचं ती बघेल."

पिशवीत अकरा कॅसेटा होत्या. सगळ्या साधारण अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या, एकाच वर्षातल्या.

"कोणी काढलंय हे?" मी विचारलं. हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते. शूटिंग करणाऱ्याचा हात कसा आहे ते आधी कळलेलं बरं असतं.

"बाबांनी. कॅमेऱ्याला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत." ते हसले. "बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून कॅसेटांचा डबा उघडलाच नव्हता."

घरात माणसं चार. आई, बाबा, तेव्हा चौदा वर्षांची ताई आणि बारा वर्षांचे डॉक्टर. मी पिशवीवर चिठ्ठी लावली आणि ती कपाटात ठेवली.

३

पहिल्या कॅसेटमध्ये गच्ची होती. कठड्यावर उन्हात वाळत घातलेल्या चादरी. हात अगदी स्थिर होता, हे मला लगेच जाणवलं. घरगुती शूटिंगमध्ये चित्र नेहमी होडीत बसल्यासारखं हलतं. हे हलत नव्हतं.

"हा कॅमेरा कोणी धरलाय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"बाबांनी. डॉक्टरांच्या."

"मग हा कोण सायकलच्या चाकाशी झटतोय?"

मी बघितलं. बाबाच होते. डॉक्टरांचीच चौकोनी हनुवटी, हाताला ग्रीस. त्यांच्या शेजारी बारा वर्षांचा मुलगा पंप धरून उभा. मागे आई केस वाळवत बसलेली, आणि कठड्याला टेकून ताई पुस्तक वाचत होती.

"स्टँडवर लावला असेल," मी म्हटलं.

तेवढ्यात ताई उठली आणि जिन्याकडे निघाली. कॅमेरा तिच्यामागून गेला. चादरी बाजूने सरकल्या, दाराची चौकट आली, दोन पायऱ्या उतरल्या.

"स्टँड चालतो होय?" सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा भाजीत डोकं घातलं.

मला हसू आलं. शेजारचा कोणीतरी असेल. मामा असेल. लोकांना वाटतं आपल्याला सगळं आठवतं, पण खरं तर निम्मं आपण नंतर बसवलेलं असतं. या धंद्यात ते मी रोज बघते.

दुसऱ्या कॅसेटमध्ये गाडी होती. बाबा चालवत होते, आई शेजारी. मागच्या सीटवर एका खिडकीशी ताई, दुसऱ्या खिडकीशी मुलगा. कॅमेरा त्या दोघांच्या मधोमध होता. आधी डावीकडे वळला, ताईने जीभ काढली. मग उजवीकडे वळला, मुलाने तोंडावर हात धरला. मग पुढे, दोन सीटांच्या फटीतून काचेबाहेरचा रस्ता.

लहान गाडी होती ती. मध्ये बसलेल्याचे गुडघे पुढच्या सीटला लागले असते.

मी कॅसेट थांबवली आणि मूर्खासारखी बोटांवर मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. मोजून झाल्यावर पुन्हा मोजलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना फोन केला. क्लिनिकमधून मागे मशीनचा आवाज येत होता.

"डॉक्टर, तुमच्या घरात तेव्हा आणखी कोणी राहायचं का? एखादा चुलत भाऊ वगैरे?"

"छे, आम्ही चौघंच. का हो?"

"बाबा सगळीकडे चित्रात आहेत. कॅमेरा दुसऱ्याच कोणाकडे आहे."

"मग ताईने काढलं असेल."

"ताईही चित्रात आहेत. तुम्हीही आहात."

"असं कसं?" ते म्हणाले. मशीन बंद झालं. "आईला तर बटणंच कळत नव्हती. तुम्ही ताईशी बोला ना. तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतं."

मी ताईंना फोन लावला. त्या बँकेत कामावर होत्या. त्यांना काही शंकाच नव्हती. "मधला काढायचा. लहानपणी त्याला फार नाद होता."

"मधला कोण?"

"हा काय, डॉक्टर. घरी आम्ही त्याला मधला म्हणतो."

"पण तुम्ही तर दोघंच ना?"

"हो."

"मग मधला कसा?"

 पलीकडे कोणीतरी कागदांवर शिक्के मारत होतं, तेवढं कळत होतं.

"आईनेच पाडलंय ते नाव," ताई शेवटी म्हणाल्या. "आम्ही कधी विचारच केला नाही. घरची नावं कुठे अर्थ बघून ठेवतात?"

फोन ठेवल्यावर मी गच्चीवरचं एक चित्र काढून दोघांना पाठवलं. बाबा, आई, ताई, मुलगा, चौघंही दिसतील असं. ताईंचं उत्तर संध्याकाळी आलं. फक्त एक प्रश्नचिन्ह.

५

तिसऱ्या कॅसेटपासून मी काम सोडून बघायलाच लागले. नुसतं बघू नये, हा माझा नियम होता. मी तो मोडला.

कॅमेरा नेहमी खालून असायचा. जेवणाच्या टेबलाची कड चित्राच्या तळाशी यायची. आईचा चेहरा वर, ती खाली वाकून बोलायची. पंचाहत्तरीतल्या काकूंना, म्हणजे डॉक्टरांच्या आईला, मी बघितलं नव्हतं, पण सत्तेचाळीस वर्षांची ती बाई मला आवडायला लागली होती. बोलताना मान एका बाजूला टाकायची. आणि ती कॅमेऱ्याशी बोलायची म्हणजे खरंच बोलायची. "हो, ठेवलंय ना तुझं." मग थोडं थांबायची, काहीतरी ऐकायची आणि हसायची. "अजिबात नाही. आधी पाय धू."

मधल्या जागेत काहीच नव्हतं. पंख्याची घरघर, लांबून येणारे हॉर्न.

पण पडद्याच्या कोपऱ्यात आवाजाच्या दोन हिरव्या पट्ट्या असतात. आवाज आला की वर जातात, थांबला की पडतात. ती ऐकत असायची तेव्हाही त्या वर जायच्या.

मी वायर बदलली, डबी बदलली, कॅमकॉर्डरमधला टेप वाचणारा भाग साफ केला. फाईल वेगळ्या फॉरमॅटमध्ये काढून बघितली. पट्ट्या उड्या मारायच्या आणि खोलीत शांतता. सासूबाई म्हणाल्या, "बिघडलंय तुझं यंत्र." मलाही तेच हवं होतं.

मग एक गोष्ट लक्षात आली. कधीकधी माईकच्या दोन बाजू एकमेकींच्या उलट रेकॉर्ड होतात. माझा स्पीकर एकच आहे. दोन्ही बाजू त्यात एकत्र आल्या की एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतं काहीच नाही. असं होतं, पुस्तकात लिहिलेलं आहे. फक्त एकाच माणसाच्या आवाजाच्या बाबतीत ते कसं होईल, हे पुस्तकात नाही.

मी उजवी बाजू बंद केली आणि डावीच चालवली.

पाचवी कॅसेट होती. बाग, बाकावर चौघं दाटीवाटीने बसलेले. आणि अगदी जवळून, माईकला तोंड लागलंय इतक्या जवळून, एक मुलगा म्हणाला, "मी पण येऊ?"

बाकावरून बाबा म्हणाले, "नाही रे, तू काढ. तुझ्यासारखं कोणाला जमतंय?"

"एकदाच."

"नंतर," बाबा म्हणाले.

सासूबाईंच्या हातातली भाजी तशीच राहिली. "दोघांत मधला कसा असेल, हे मी तुला कालच विचारणार होते," त्या म्हणाल्या. मग उठून आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी उंबऱ्यापाशी खुर्ची टाकली नाही.

६

शनिवारी दुपारी डॉक्टर आणि ताई आले. काकूही आल्या. त्यांना आणायचं आधी ठरलं नव्हतं.

"आईच सांगेल," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "शेजारचा कोण होता ते. एका वाक्यात विषय संपेल. गेले चार दिवस मी पेशंटच्या चुकीच्या दाताला हात लावतोय."

ताईंनी डावीकडचा आवाज फोनवर आधीच ऐकला होता. त्या म्हणाल्या होत्या, ओळखीचा नाही. मग पाच मिनिटांनी परत फोन करून म्हणाल्या होत्या, ओळखीचा नाही हे मी इतक्या पटकन का म्हणाले कोण जाणे.

काकू छान होत्या. मान अजून एका बाजूलाच टाकत होत्या. त्यांनी माझ्या खोलीकडे बघितलं, वायरींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्याशा खोलीत एवढी माणसं ठेवतेस होय?" सगळे हसले. मी त्यांना मधली खुर्ची दिली.

अकरावी कॅसेट तेवढी राहिली होती. ती मी मुद्दाम एकटीने बघितली नव्हती. फाईल करून, सॉफ्टवेअर घेईल अशी बदलून, नुसती समोर ठेवली होती. दोन्ही बाजूंचा आवाज वेगळा केला होता.

घरातली बाहेरची खोली. बाबा पेपर वाचत होते. ताई आणि डॉक्टर जमिनीवर पत्ते खेळत होते.

"बाबा बघ," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "आई, हे कोण काढतंय गं?"

"बाबा."

"बाबा तर हे बसलेत."

काकूंनी बोट उचललं. बाबांच्या पेपरपर्यंत नेलं आणि तिथेच ठेवलं. "हो की," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मग तू."

"मी हा काय, पत्ते वाटतोय."

तेवढ्यात पडद्यावरची आई आतून आली. थेट कॅमेऱ्याकडे आली, इतकी जवळ की फक्त गळा आणि हनुवटी दिसत होती. तिचे दोन्ही हात चित्राच्या खाली गेले आणि तिथे काहीतरी करायला लागले. कोपरं हलत होती.

"इथे काय करतेयस?" ताईंनी विचारलं. त्यांचा आवाज बँकेतल्यासारखा होता, एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखा.

"बटण लावतेय," काकू लगेच म्हणाल्या. "कॉलरचं. वरचं बटण कायम उघडं टाकायचा. किती वेळा सांगितलं."

"कोण?"

काकू वैतागून ताईंकडे वळल्या. असला वेडा प्रश्न विचारल्यावर आई जशी बघते तशा. त्यांनी तोंड उघडलं, नाव सांगायला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. नाव आलं नाही.

"कोण म्हणजे..." त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. जणू मला माहीत होतं.

७

पडद्यावरची आई म्हणाली, "दे इकडे. आज तुझा काढते."

"खरंच?" माईकजवळचा मुलगा म्हणाला.

चित्र उलटंपालटं झालं. फरशी, छत, पेपरचा कोपरा, काहीतरी पांढरं. आणि निळा पडदा. कॅसेट संपली होती.

खालच्या रस्त्यावर ट्रक मागे घेताना वाजतो तो पिपाणीसारखा आवाज येत होता.

"मागे घे," काकू म्हणाल्या.

मी घेतलं.

"हळू."

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक फ्रेम बघता येते. बाणाचं बटण दाबलं की एक पुढे. एका सेकंदाच्या पंचवीस. मी त्या उलट्यापालट्या तुकड्यात गेले आणि दाबत राहिले. फरशी. फरशी. मग दोन बूट, एकाची नाडी काळी, दुसऱ्याची तपकिरी. मग शर्टाचं पोट, धूसर. मग कॉलर, वरपर्यंत बटण लावलेली, आणि त्यावर हनुवटी.

माझं बोट बटणावर होतं. मी दाबायला नको होतं की दाबायला हवं होतं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

पुढच्या फ्रेममध्ये अर्धा चेहरा होता. ओठांपासून एका डोळ्यापर्यंत. तोंड उघडं, बोलत असावा किंवा हसत असावा. हनुवटी डॉक्टरांची होती, चौकोनी. डोळा ताईंचा होता. त्या डोळ्याने तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. कॅमेऱ्याच्या जरा वर, तो धरणाऱ्या माणसाकडे बघत होता.

त्यापुढची फ्रेम निळी.

मी वळून बघितलं. डॉक्टरांचा हात स्वतःच्या हनुवटीवर होता. ताई पडद्याकडे बघतच नव्हत्या, डोळे मिटून बसल्या होत्या. काकूंचा चेहरा मात्र शांत होता. बराच वेळ शोधलेली वस्तू समोरच सापडावी आणि मग ती कशाला हवी होती हेच आठवू नये, तसा.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"साडेचार," मी म्हटलं.

"साडेचार?" त्या उभ्या राहिल्या. "अरे, तो येऊन उभा असेल. घरी कोणीच नाही. किल्ली कुठे आहे त्याच्याकडे?"

मला वाटलं आता मुलं समजावतील. आई, बस, पाणी पी, असं काहीतरी. डॉक्टर शिकलेले, ताई व्यवहारी.

डॉक्टर दाराकडे गेले. मग जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज आला, आधी साधा, मग दोन-दोन पायऱ्या एकदम. ताईंनी काकूंचा हात धरला आणि त्याही निघाल्या. पिशवी, चष्म्याची डबी, काकूंची शाल, सगळं माझ्या खोलीत राहिलं.

खिडकीतून मी त्यांना गाडीत बसताना बघितलं. गाडी सुरू झाली तरी डॉक्टरांचं दार लागलेलं नव्हतं.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई एकट्याच आल्या. मी अकरा कॅसेटा, फाईली भरलेली डिस्क, शाल आणि डबी एकत्र करून ठेवली होती. त्यांनी काहीच तपासलं नाही.

"फिल्म?" मी विचारलं.

"बघू."

मला आणखी विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. सासूबाई आतल्या दाराशी उभ्या होत्या, त्यांनी विचारलं. "काल घरी कोणी होतं का गं?"

"नाही," ताई म्हणाल्या. "कोणी नव्हतं. कुलूप जसंच्या तसं." मग म्हणाल्या, "मधला म्हणतो, आम्ही पोचलो तेव्हा जिन्यात कोणीतरी बसून उठल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं तसं. क्लिनिक बंद ठेवलंय त्याने आज. दारात खुर्ची टाकून बसलाय."

"आणि काकू?"

"आई ठीक आहे. खूप ठीक आहे. सकाळी उठून आमच्या तिघांसाठी—" त्या थांबल्या. ओठ चावला. "आम्हा दोघांसाठी म्हणायचं होतं मला."

त्यांनी पिशवी उचलली. मी दारापर्यंत गेले. दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या आणि वर बघितलं. काल रात्रभर रडल्यासारखे डोळे होते, पण रडल्या कशासाठी हे त्यांनाही सांगता आलं नसतं, असं मला वाटलं.

"एक विचारायचं होतं. आईने मला दुकानात पाठवलंय. म्हणाली, दोन वेगळ्या नाड्या घालून फिरतो, बरं दिसत नाही, नवे बूट आण. मी बरं म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही." त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "तुम्ही नीट बघितलेत ते. माप काय असेल?"

"लहान," मी म्हटलं. "दहा वर्षांच्या मुलाला होईल एवढं."

त्यांनी मान हलवली. तरी गेल्या नाहीत.

"हो," त्या म्हणाल्या. "पण ते तेव्हा. आता घ्यायचे तर तेव्हाच्या मापाचे घेऊ, की आताच्या?"